बडोद्याहून ब्लॅकपिंकच्या कॉन्सर्टला : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ब्लॅकपिंक या चार मुलींच्या के-पॉप, म्हणजे कोरियन पॉप, गटाच्या आजवरच्या जागतिक दौऱ्यांत भारतातलं एकही शहर नव्हतं. ‘बॉर्न पिंक’ दौरा ऑक्टोबर २०२२मध्ये सोलमध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२३मध्ये सोलमध्येच संपला. मधल्या काळात तो क्वालालंपूर, जकार्ता, मनिला, सिंगापूर, अबुधाबी, हनोई अशा आपल्या आसपासच्या कितीतरी शहरांत गेला. पुढचा ‘डेडलाइन’ दौरा जुलै २०२५मध्ये कोरियातल्या गोयांगहून निघाला आणि अमेरिका-युरोप करून ऑक्टोबरपासून आशियात आला. आपल्याकडे मात्र दोन्ही वेळा कोणी आलं नाही.

तेव्हा आपणच जायचं. बडोद्यासारख्या गावातून, मध्यमवर्गीय मराठी घरातून, हे नक्की जमतं. त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो. बहुतेक नव्या मुली-मुलांचा क्रम उलटा असतो: दौरा जाहीर झाला की आधी तिकिटासाठी धावायचं आणि मग पासपोर्ट, व्हिसा, विमान आणि घरच्यांची परवानगी यांच्यामागे लागायचं. माझा आग्रह एवढाच आहे की आधी शहर ठरवा, तेही मन कुठे ओढ घेतं ते बघून नाही, तर आपल्या पासपोर्टवर कुठे सहज पोचता येतं ते बघून. तिकीट त्यानंतर.

पहिली पायरी : पासपोर्ट, आजच

दौरा जाहीर व्हायची वाट बघू नका. घोषणा आणि तिकीटविक्री यांत कधीकधी फार थोडे दिवस असतात, आणि पोलीस पडताळणी त्या वेगाने होत नाही. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे अहमदाबादला खेटे घालावे लागत नाहीत. ऑनलाइन अर्ज भरायचा, फी भरून वेळ घ्यायची आणि मूळ कागदपत्रं घेऊन जायचं. प्रौढांसाठी ३६ पानी, १० वर्षांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. तत्काळसाठी २,००० रुपये जास्तीचे पडतात.

नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडे मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहायची पद्धत आहे. आधारवर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं असं झालं की पुढे प्रत्येक ठिकाणी अडतं. तिकिटाच्या साइटवर खातं उघडताना, विमानाचं आरक्षण करताना आणि हॉटेल घेताना पासपोर्टवर जसं छापलंय तसंच नाव लिहायचं, एका अक्षराचाही फरक नको.

पासपोर्ट आधीपासून असेल तर त्याची मुदत बघा. प्रवासाच्या तारखेपासून किमान ६ महिने शिल्लक असायला हवी, नाहीतर विमानतळावरूनच परत पाठवतात.

दुसरी पायरी : शहर निवडणं

दौऱ्याचं वेळापत्रक आलं की ते आपल्या नजरेने वाचा. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये ऑगस्ट २०२५मध्ये झालेले कार्यक्रम ऐतिहासिक होते, तिथे मुख्य कार्यक्रम करणारा हा पहिलाच के-पॉप मुलींचा गट. पॅरिसचं स्ताद द फ्रान्सही झालं. पण पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्याने युरोपच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची नुसती फी जून २०२४पासून ९० युरो झाली आहे. त्यात बँकेची कागदपत्रं, मुलाखतीची वेळ, आणि व्हिसा नाकारला तर हातात उरलेलं कॉन्सर्टचं तिकीट. युरोपच्या प्रवासाला लागणाऱ्या पैशांत आशियातला एक प्रवास आरामात होतो.

आता आशियातली शहरं एकेक घेऊ.

बँकॉक मला नवख्यांसाठी सगळ्यांत सोयीचं वाटतं. थायलंडने जुलै २०२४मध्ये भारतीयांना पर्यटनासाठी ६० दिवसांची व्हिसामाफी दिली. मे २०२५पासून मात्र तिथे उतरण्याआधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरावं लागतं. ते मोफत असतं, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या. ‘डेडलाइन’चे बँकॉकचे कार्यक्रम २४ ते २६ ऑक्टोबर २०२५ला राजमंगला स्टेडियमवर झाले, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून. दिवाळीच्या सुटीत असे कार्यक्रम आले की कॉलेज बुडत नाही, पण विमानाचे दर चढलेले असतात आणि घरात पाहुणे असतात, हे दोन्ही आधीच मोजा. राजमंगलाच्या मैदानावर छप्पर नाही आणि ऑक्टोबरात तिथला पाऊस पुरता गेलेला नसतो.

सिंगापूर महाग, पण आई-बाबांबरोबर किंवा लहान बहिणीला घेऊन जायचं असेल तर मी डोळे मिटून सिंगापूर सांगेन. नॅशनल स्टेडियमला सरकतं छप्पर आहे, साधारण ५५,००० माणसं मावतात, आणि स्टेडियम नावाचंच मेट्रो स्थानक दाराशी आहे. रात्री कार्यक्रम सुटल्यावर टॅक्सी शोधत फिरावं लागत नाही. व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटामार्फत काढायचा असतो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटाचा आकार वेगळा. फी परत मिळत नाही, म्हणून फोटोचा आकार आणि अर्जातली माहिती दोनदा तपासा.

क्वालालंपूरला डिसेंबर २०२३पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त ऑनलाइन आगमन-कार्ड. ‘बॉर्न पिंक’ मार्च २०२३मध्ये तिथल्या बुकित जलील स्टेडियमवर झाला होता. ‘डेडलाइन’च्या यादीत मलेशिया नव्हता. म्हणून गेल्या खेपेला आला तो गट पुन्हा तिथेच येईल असं धरून चालू नका. जकार्ताला विमानतळावरच व्हिसा मिळतो, ५,००,००० इंडोनेशियन रुपिया भरून. आकडा मोठा दिसतो, पण तिथल्या नोटाच तशा आहेत. हाँगकाँगला व्हिसा नाही, मात्र निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी मंजूर करून घ्यावी लागते.

मनिला? फिलिपिन्सनेही जून २०२५पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे. पण तिथले मोठे कार्यक्रम ज्या फिलिपिन अरीनात होतात तो मुळात मनिलात नाहीच, शहराबाहेर बुलाकान प्रांतात आहे. तिथपर्यंत मेट्रो जात नाही. कार्यक्रम संपला की हजारो गाड्या एकाच रस्त्याला लागतात. पहिल्याच वेळी, अनोळखी देशात, मध्यरात्री हे नको.

व्हिसाचे नियम सरकारं बदलत राहतात. वर लिहिलेलं सगळं त्या त्या देशाच्या अधिकृत साइटवर तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा वाचून घ्या.

अहमदाबादहून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर आणि अबुधाबीला थेट विमानं आहेत, आणि अहमदाबाद आपल्यापासून एक्सप्रेसवेने दोन तासांवर. ही आपली मोठी जमेची बाजू आहे. ज्या शहराला थेट विमान आहे त्याला झुकतं माप द्या. मधे कुठे विमान बदलायचं असेल आणि पहिलं उशिरा पोचलं तर सगळा कार्यक्रमच हुकतो.

तिसरी पायरी : घरच्यांशी बोलणं

ही पायरी मार्गदर्शकांत सहसा नसते, पण आपल्या घरांत ती टाळून पुढे जाता येत नाही.

“नाचगाण्यासाठी परदेश?” हा प्रश्न येणारच. त्यावर रुसून बसू नका आणि खोटंही बोलू नका. सहल म्हणून निघून कॉन्सर्टला जाणाऱ्या मुलींचे किस्से ऐकलेत, पुढच्या वेळी त्यांना कोणी सोडत नाही. एका कागदावर लिहून द्या: तारीख, विमान, हॉटेलचा पत्ता, बरोबर कोण, खर्च किती, तो कुठून येणार, रात्री परत कसं येणार. बाबांना आकडे दिसले की त्यांचा आवाज खाली येतो. आईला रात्रीच्या परतीचं उत्तर हवं असतं, ते आधी द्या.

आणि आजी-आजोबांना जरूर गाणं ऐकवा. बडोदं हे गाण्याचं गाव आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६मध्ये मौलाबक्ष यांच्या हाती संगीतशाळा सोपवली, इथल्या दरबारात उस्ताद फैयाज खाँ गायले. गाणं ऐकायला लांबून माणसं यायची ती याच गावात. चार मुली वर्षानुवर्षं तालीम करून दोन तास एका दमात गातात-नाचतात, यामागची मेहनत ज्यांनी मैफली ऐकल्यात त्यांना समजावून सांगावी लागत नाही, फक्त बसवून दाखवावी लागते.

१८ वर्षांखालची मुलगी मावशी, काका किंवा ताईबरोबर जाणार असेल तर आई-वडिलांचं संमतीपत्र नोटरी करून बरोबर ठेवा, त्यांच्या पासपोर्टच्या किंवा ओळखपत्राच्या प्रतींसह. उभ्याच्या विभागांना बऱ्याच ठिकाणी वयाची किंवा उंचीची अट असते, तीही तिकीट घेण्याआधी वाचा.

चौथी पायरी : पैसे आणि कार्ड

खर्चाचे पाच भाग करा: कॉन्सर्टचं तिकीट, विमान, तीन रात्रींचा मुक्काम, जेवण-प्रवास, आणि आठवणीच्या वस्तू. प्रत्येकाचा आजचा दर शोधून लिहा आणि बेरजेवर वर थोडी रक्कम अडीअडचणीसाठी ठेवा. पाचवा भाग लोक विसरतात आणि तिथेच सगळ्यांत जास्त हात सैल सुटतो. टी-शर्ट, लाइटस्टिक (कार्यक्रमात हातात धरायची दिव्याची काठी), फोटोकार्ड, सगळं दिसतं तिथे हवंसं वाटतं. त्यासाठी रक्कम ठरवून तेवढीच रोख खिशात ठेवा.

कार्डाचं काम विक्रीच्या किमान आठवडाभर आधी करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते बँकेच्या अॅपमधून सुरू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. परदेशी तिकीट साइटवर ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं कार्ड लागतं. नुसत्या रुपे कार्डावर विसंबू नका. परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक साधारण २ ते ३.५ टक्के आकार लावते आणि त्या आकारावर जीएसटी, तेव्हा साइटवरचा आकडा रुपयांत करताना हे धरा. स्वतःचं कार्ड नसेल तर दादाचं किंवा बाबांचं वापरा, पण विक्रीच्या वेळी तो फोन आणि ती व्यक्ती दोन्ही शेजारी हवीत, कारण ओटीपी त्यांच्याकडे जाणार. काही आयोजक प्रवेशाच्या वेळी ज्या कार्डाने पैसे भरले ते बघायला मागतात, तीही अट वाचून ठेवा.

पाचवी पायरी : तिकीट

इथे दमाने वाचा.

विक्री सहसा टप्प्यांत होते. पहिला टप्पा अधिकृत चाहता-सदस्यांचा. ब्लॅकपिंकचं सदस्यत्व वीव्हर्स या अॅपवर मिळतं, वर्षाची फी असते. नव्या लोकांची इथे गफलत होते: सदस्यत्व घेतलं म्हणजे आपोआप आधी तिकीट मिळतं असं नाही. प्रत्येक शहराच्या पूर्वविक्रीसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. ती मुदत चुकली की सदस्यत्व असूनही आपण सर्वसाधारण रांगेत. दुसरा टप्पा बहुधा एखाद्या बँकेच्या कार्डधारकांचा किंवा आयोजकाच्या सदस्यांचा असतो, आणि शेवटी सगळ्यांसाठी विक्री.

वेळ स्थानिक असते हे भिंतीवर लिहून ठेवा. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणून तिथले सकाळचे १० म्हणजे बडोद्यातले साडेआठ. सिंगापूर, क्वालालंपूर, हाँगकाँग, मनिला अडीच तास पुढे, तिथले १० म्हणजे आपले साडेसात. सोल आणि टोकियो साडेतीन तास पुढे. अबुधाबी उलट दीड तास मागे. सकाळी साडेसातला घरात आंघोळी-डब्यांची धावपळ असते, सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की त्या तासाभरात वाय-फायला कोणी हात लावायचा नाही.

खातं आधी उघडून ठेवा: नाव, भारताच्या ९१ या कोडसह फोन, पत्ता, पिनकोड, कार्ड. काही साइट आपला ३९०००१ सारखा सहा आकडी पिन नीट घेतात, काही त्यांच्या देशाच्या पद्धतीने कमी आकडे मागतात. ते ऐन वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

विक्रीच्या दिवशी बऱ्याच साइटवर आधी ‘प्रतीक्षा-कक्ष’ उघडतो. त्यात वेळेआधी हजर असलेल्या सगळ्यांना विक्री सुरू होताना यदृच्छेने क्रमांक दिला जातो, त्यामुळे दोन तास आधी बसलात म्हणून पुढचा नंबर मिळत नाही, पण सुरू झाल्यावर आलात तर नक्कीच मागचा मिळतो. क्रमांक मिळाल्यावर पान पुन्हा लोड करू नका. एकाच खात्यावरून पाच खिडक्या उघडल्या तर साइट तुम्हाला यंत्र समजून बाहेर काढू शकते. त्यापेक्षा मैत्रिणींनी आपापल्या खात्यावरून, वेगवेगळ्या नेटवर्कवरून बसावं आणि ज्याचा नंबर आधी लागेल त्याने सगळ्यांची घ्यावीत. एका खात्याला किती तिकिटं मिळतात तेवढ्याच जणांचा गट करा, म्हणजे कोणाला वगळायची वेळ येत नाही.

आत गेलात की काही मिनिटांचंच घड्याळ असतं. कुठला विभाग हवा ते आधी ठरलेलं असलं पाहिजे: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. माझा सल्ला असा: पहिल्यांदा जाणाऱ्याने स्टेजसमोरच्या उभ्याच्या विभागाचा हट्ट धरू नये. फोटोत तो भारी दिसतो, पण दुपारपासून रांग, मग आत चेंगराचेंगरी, आणि आपण बहुतेक भारतीय मुली उंचीने बेताच्या, पुढच्याच्या हातातल्या फोनमधून कार्यक्रम बघायची पाळी येते. बाजूच्या खालच्या मजल्यावरची बसायची जागा, प्रेक्षकांत शिरणाऱ्या लांब स्टेजच्या टोकाच्या रेषेत असलेली, ही सगळ्यांत समाधानाची. तिथून चौघींची रचना पूर्ण दिसते, आणि नाचाची रचना हाच तर यांचा प्राण. वरचा मजला स्वस्त असतो आणि वाईट नसतो, मोठे पडदे असतात. फक्त ‘दृश्य मर्यादित’ असा शेरा असलेली जागा स्वस्त दिसली तरी टाळा. व्हीआयपी तिकिटात साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, बघायला मिळतो का, नुसती भेटवस्तू मिळते का, हे वाचल्याशिवाय दुप्पट पैसे देऊ नका.

नाही मिळालं तर? त्या संध्याकाळी इन्स्टाग्रामवर ‘मैत्रीण येऊ शकत नाही, तिकीट देते’ अशा पोस्टांचा पूर येतो. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो आणि दारावर फक्त पहिल्याला प्रवेश मिळतो. अनोळखी माणसाला यूपीआयने पैसे पाठवणं म्हणजे ते गेलेच असं समजा. ज्या साइटवरून विक्री झाली तिथेच अधिकृत हस्तांतर किंवा पुनर्विक्रीची सोय असेल तर तीच वापरा. आयोजक बऱ्याचदा नंतर जास्तीचा दिवस जाहीर करतात किंवा अडवून ठेवलेल्या जागा सोडतात. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यापर्यंत साइट बघत राहणं फुकट जात नाही.

सहावी पायरी : विमान आणि मुक्काम

तिकीट हातात आल्यावरच विमान काढा. आधी फक्त दर बघून ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशीच पोचणारं विमान कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आदल्या दिवशी सकाळी पोचा.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. तिकिटावर कुठला आहे ते बघा. राजमंगलासाठी सुवर्णभूमी जवळचा. त्याच्या एअरपोर्ट रेल लिंकवर हुआ माक स्थानक लागतं, तिथून स्टेडियम चालत किंवा मोटारसायकल टॅक्सीने गाठता येतं. त्याच रेल्वेवरच्या मक्कासन किंवा फाया थाई भागात मुक्काम ठेवला की विमानतळ आणि स्टेडियम दोन्ही एका मार्गावर येतात. सिंगापूरला लिटिल इंडियात राहा: डाउनटाउन मार्गाने प्रोमेनेड, तिथे सर्कल मार्ग पकडून स्टेडियम. टेक्का सेंटर जवळच, म्हणजे इडली-डोशाची सोय झाली. क्वालालंपूरला केएल सेंट्रलजवळचं ब्रिकफील्ड्स तसंच सोयीचं, आणि बुकित जलीलला त्याच नावाचं एलआरटी (हलक्या मेट्रोचं) स्थानक आहे.

अहमदाबादहून परदेशी विमानं बहुतेक रात्री-पहाटे सुटतात. एकट्या मुलींनी रात्री बडोद्याहून अनोळखी टॅक्सीने जाण्यापेक्षा संध्याकाळच्या गाडीने अहमदाबाद गाठून विमानतळावर थांबावं. मुंबईहून विमान स्वस्त मिळत असेल तर तिकडच्या आत्या-मावशीकडे एक रात्र मुक्काम धरा, पण गाडी उशिरा धावली तर काय, याचा विचार करून एक गाडी आधीची पकडा.

प्रवासविमा जरूर घ्या. हप्ता थोडा असतो. परदेशात पाय मुरगळला तरी दवाखान्याचं बिल बघून धडकी भरते.

सातवी पायरी : सामान

थोडक्यात सांगते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही. सिंगापूर एअरलाइन्स आणि थाई एअरवेज यांनी २०२५पासून विमानात ती वापरायलाही बंदी केली आहे. लाइटस्टिकमधले सेल काढून वेगळे ठेवा. सिंगापूरला च्युइंगम, तंबाखूचे पदार्थ आणि ई-सिगारेट नेऊ नका, तिथे दंड खरोखर होतो. थेपले, लीलो चेवडो, भाकरवडी, सुखडी हा आपला कोरडा फराळ मात्र भरपूर घ्या, विशेषतः बँकॉकला जाणाऱ्या शाकाहाऱ्यांनी. तिथे साध्या भाजीतही माशांचा सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेल्या ‘जे’ दुकानांत मांस-मासे-अंडं नसतं, लसूण-कांदाही नसतो.

बूट जुने, पायाला बसलेले. कपडे गुलाबी-काळे, पण ज्यात दोन तास नाचता येईल असे.

लाइटस्टिक अधिकृतच घ्या. ब्लॅकपिंकची हातोडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना गुलाबी हृदय. स्वस्त नकला उजळतात, पण जिथे सगळ्या स्टेडियमच्या लाइटस्टिक एकाच ठिकाणाहून चालवल्या जातात तिथे त्या जोडल्या जात नाहीत. लाइटस्टिकचं अॅप आधी उतरवून घ्या आणि जोडणी हॉटेलवरच करून बघा. स्टेडियममध्ये इतक्या गर्दीत नेटवर्क मिळेलच असं नाही.

आठवी पायरी : कार्यक्रमाचा दिवस

सकाळी पोटभर खा आणि पासपोर्ट, तिकीट, कार्ड एका छोट्या आडव्या बॅगेत ठेवा. बहुतेक स्टेडियमांत ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग, छत्री, काचेची किंवा धातूची बाटली, मोठ्या लेन्सचा कॅमेरा आणि सेल्फी-स्टिक चालत नाही. पावसाची शक्यता असेल तर पातळ रेनकोट. तिकिटाचा कोड फोनमध्ये उतरवून ठेवा. त्याचा फोटो कुठेही टाकू नका.

वस्तूविक्रीची रांग कार्यक्रमाच्या रांगेपेक्षा लांब असते. काही हवंच असेल तर सकाळी जा, मग हॉटेलवर परत येऊन आराम करा आणि दुपारनंतर पुन्हा निघा. बडोद्याच्या मुलींना यात एक मोठा फायदा आहे. नवरात्रात पास गळ्यात अडकवून, गेटवर तपासणी करून, हजारोंच्या वर्तुळात रात्र-रात्र गरबा खेळलेल्या पायांना ही गर्दी आणि हे उभं राहणं नवं नाही. पाणी घोट-घोट पीत राहायचं, गटाचं भेटायचं ठिकाण आधी ठरवायचं, कोणाला चक्कर येतेय वाटलं तर लगेच सुरक्षारक्षकाला हात करायचा. तेच शहाणपण इथेही.

स्टेडियमबाहेरचा वेळ वाया जातो असं समजू नका. तिथे चाहते स्वतः छापलेली कार्डं, पंखे, छोटे फलक फुकट वाटतात. आपणही काहीतरी घेऊन जावं. बांधणीच्या कापडाचे छोटे रिबन, गुलाबी बांगड्या, असं काही बडोद्याचं. थाई, फिलिपिनो, इंडोनेशियन मुली ते इतक्या प्रेमाने घेतात, आणि ‘तुम्ही भारतातून आलात?’ म्हणून मिठी मारतात. ज्यांची भाषा आपल्याला येत नाही त्यांच्याशी चार तासांत जी मैत्री होते ती खरी असते.

फॅन-चँट पाठ करून जा. गाण्याच्या ठरावीक जागी चाहते मुलींची नावं किंवा ओळी एका सुरात म्हणतात. ते ऑनलाइन शिकता येतं. सराव घरी मोठ्याने करा, मनातल्या मनात नाही. कोरियन शब्द जिभेवर बसायला वेळ लागतो आणि पन्नास हजार लोकांत एक शब्द आपल्याला बरोबर साधला की आपण त्या मैफलीचा भाग होतो.

एकच विनंती: सगळा कार्यक्रम फोनमधून बघू नका. दोन-तीन गाणी ठरवा, ती टिपा, आणि मग फोन खाली ठेवा. रेकॉर्डिंग हजारोंचं मिळेल. मधे चौघींचे स्वतंत्र भाग येतात, ते बसून नीट ऐका. त्यांच्या आवाजांतला फरक ध्वनिमुद्रणापेक्षा तिथे फार स्वच्छ कळतो.

नववी पायरी : बाहेर पडणं आणि परतणं

शेवटचं गाणं होताच धावू नका. सगळे एकदम निघतात आणि स्थानकाबाहेर लांब रांग लागते. पंधरा-वीस मिनिटं जागेवर बसून राहा. मात्र शेवटची मेट्रो किती वाजता ते सकाळीच बघून ठेवलेलं हवं, त्या हिशेबाने उठा. टॅक्सी लागलीच तर अॅपवरूनच, आणि स्टेडियमच्या दारात नाही, दहा मिनिटं चालून मोठ्या रस्त्यावर गेल्यावर मागवा. दारात दर तिप्पट दिसतात आणि गाडी पोचतही नाही. हॉटेलवर पोचल्यावर घरी फोन करा, कितीही उशीर झालेला असो. बडोद्यात तेव्हा घड्याळ दीड-अडीच तास मागेच असतं, आई जागीच असते.

परतीचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं किंवा रात्रीचं ठेवा. पहाटेचं घेतलं तर न झोपता विमानतळ गाठावा लागतो आणि अशा वेळीच पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहून जातात. सकाळी सामान आवरताना कागदपत्रं आधी हातात घ्या, मग बाकीचं भरा. गटाचा हिशेब विमानतळावर बसल्याबसल्या पूर्ण करा. घरी पोचल्यावर कोणी कोणाला किती द्यायचे यावरून चांगल्या मैत्रिणींत अबोला होतो.

कार्यक्रम पुढे ढकलला गेला किंवा रद्द झाला तर तिकिटाचे पैसे आयोजक परत करतो, विमान आणि हॉटेलचे नाही. म्हणून मुक्काम रद्द करता येईल असाच घ्या आणि विम्यात प्रवास रद्द होण्याची कलमं कुठल्या कारणांना लागू आहेत ते पैसे भरण्याआधी वाचा. परताव्याचा ई-मेल तिकीट काढलेल्या खात्यावरच येतो, तेव्हा ते खातं आणि ते कार्ड परतावा जमा होईपर्यंत बंद करू नका.